वाकलं का धडधड: कापूस वेचणारी बाई, अॅड्रेनलची गाठ आणि सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयातलं आहे. बाईची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, गाव, वय, नातीगोती थोडी हलवलीयेत. मी तिथे मेडिकल ऑफिसर होतो, त्याआधी दोन वर्षं एका कॉलेजात फिजिऑलॉजीचा ट्यूटर, म्हणून पेशीच्या आतल्या भानगडी यात जरा जास्तच येतील, ज्यांना नकोत त्यांनी तेवढा भाग उडवला तरी चालेल. पण मला वाटतं तो भाग कळला की बाकीचे निर्णय पाठ करावे लागत नाहीत.

पार्श्वभूमी

बाई चाळिशीच्या आतबाहेर, शेतमजूर. सप्टेंबरात निंदण, दिवाळीच्या पुढेमागे कापसाची वेचणी. साताठ महिन्यांपासून तिला झटके यायचे, म्हणजे फिट नाही, तिच्या शब्दांत "एकदम छातीत धकधक होते जी, आंग घामानं ओलंचिंब, डोक्शात घण पडल्यावानी, अन् मंग पंधरा मिनिटानं सारं सोडून देते". चेहरा पांढराफटक पडतो असं नवऱ्यानं सांगितलं. घरच्यांना वाटायचं अंगात येतंय, ते बघणंही झालं होतं एकदा. मग कुठूनतरी बीपीच्या गोळ्या, घबराहटीच्या गोळ्या, कॅल्शियमच्या गोळ्या आणि "मीठ बंद" असा सल्ला. जुन्या चिठ्ठ्यांत प्रोप्रानोलॉल ४० होतं, धडधड-बीपीवरची बीटा ब्लॉकर जातीची गोळी, त्या गोळीनं डोकं जास्तच दुखलं म्हणून बाईनं ती स्वतःच सोडून दिली. ही गोष्ट तिनं मला पहिल्याच भेटीत सांगितली होती. मी ऐकली आणि पुढे गेलो.

दुसरी एक गोष्ट तिनं सांगितली ती याहून मोलाची. झटका कधी येतो विचारलं तर म्हणाली, "ओटीत कापूस भरला अन् वाकलं, का आलाच समजा". कमरेला ओटी बांधलेली, त्यात चारपाच किलो कापूस, आणि वरून वाकायचं, म्हणजे पोट चांगलंच दाबलं जातं. मला तेव्हा वाटलं उन्हातान्हात काम, पोटात अन्न नाही, हिमोग्लोबिन कमी, येणारच धडधड. हिमोग्लोबिन खरंच ८ च्या घरात होतं, म्हणून तर फसलो.

अडचण उभी राहिली ती रात्र

ऑक्टोबरात संध्याकाळी सातच्या सुमारास बाईला आणलं. उलट्या, दरदरून घाम, हातपाय थरथर. आमच्या जिल्ह्यात ऑक्टोबर महिन्यात घाम आणि उलटी म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, फवारणी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हापासून स्टाफचा हात आपोआप अॅट्रोपिनकडे, म्हणजे फवारणीच्या विषावरच्या उताऱ्याकडे जातो आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सिस्टरनं अॅम्प्युल फोडायलाच घेतली होती. नवरा सांगत होता, "फवारा तं मी मारतो जी, तिनं पंपाले हात बी नाही लावला", पण असं सगळेच सांगतात, घाबरून.

इथे पहिला निर्णय. बाहुल्या बघितल्या, मोठ्या होत्या. तोंड कोरडं, लाळ नाही, छाती साफ, कपड्यांना वास नाही. नाडी १४०, बीपी २१०/१२०. ऑर्गनोफॉस्फेटमध्ये, म्हणजे फवारणीच्या त्या विषात, सुरुवातीला नाडी आणि बीपी वाढलेलं दिसू शकतं हे खरं, पण बारीक बाहुल्या, लाळ, छातीत घरघर यातलं काहीतरी सापडायला हवं, इथे सगळंच उलटं. अॅट्रोपिन थांबवलं, आणि ते बरोबर झालं, १४० च्या नाडीवर नाडी पळवणारं अॅट्रोपिन म्हणजे आगीत रॉकेल.

दुसरा निर्णय मात्र चुकला आणि तो माझाच. उलट्या थांबत नव्हत्या म्हणून मी मेटोक्लोप्रमाइड द्यायला सांगितलं. रोज दहावीस जणांना देतो ते इंजेक्शन, विचार कोण करतो. पाचसात मिनिटांत बाई ओरडायला लागली, डोकं धरून, बीपी २४०/१४०, नखं पांढरी, घामानं चादर भिजली. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ओटी, वाकणं, प्रोप्रानोलॉलनं वाढलेली डोकेदुखी, मेटोक्लोप्रमाइड हे सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. फिओक्रोमोसायटोमा. अॅड्रेनलच्या आतल्या भागातली, अॅड्रेनालिन-नॉरअॅड्रेनालिन ओकणारी गाठ. डोकेदुखी, धडधड, घाम ही तिची पुस्तकातली तिकडी, आणि मेटोक्लोप्रमाइड हे तिला चिथावणाऱ्या औषधांच्या यादीत अगदी वर. एमबीबीएसला हे दहा वेळा वाचलं होतं.

पेशीच्या आत काय चाललेलं असतं

अॅड्रेनल म्हणजे मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली ग्रंथी. तिच्या गाभ्यात क्रोमाफिन पेशी, त्यांच्या पोटात हार्मोननं भरलेल्या बारीक पुड्या हजारोंनी. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटिलकोलीन येतं, पेशीवरच्या निकोटिनिक दरवाज्यावर बसतं, सोडियम आत घुसतो, पेशीचा विद्युतदाब बदलतो, त्या बदलानं कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत आला की पुड्या पेशीच्या भिंतीला चिकटून फुटतात आणि हार्मोन रक्तात. १९६१ मध्ये डग्लस आणि रुबिन यांनी मांजरीच्या अॅड्रेनलवर दाखवलं की बाहेरचा कॅल्शियम काढून घेतला तर अॅसिटिलकोलीन कितीही द्या, हार्मोन सुटत नाही. म्हणजे खरा घोडा कॅल्शियमचा दाबला जातो.

इथपर्यंत सगळे शिकवतात. मी ट्यूटर असताना पोरांना पुढचा प्रश्न विचारायचो, आत आलेला कॅल्शियम जातो कुठे? कारण पेशीच्या आत शांत असताना कॅल्शियम साधारण १०० नॅनोमोलर, बाहेर एक मिलिमोलरच्या वर, म्हणजे दहा हजार पटीचा फरक, तो टिकवला नाही तर पेशी हार्मोन ओकतच राहील. थोडा कॅल्शियम मायटोकॉन्ड्रिया गिळतात, थोडा आतल्या कोठारात परत जातो, थोडा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळणारा कॅल्शियम पंप बाहेर फेकतो. पंपाची पकड घट्ट पण चाल मंद, थोडाथोडका उरलेला कॅल्शियम झाडून काढायला तो बरा. लोंढा आला की कामाला येते ती सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल, पेशीच्या भिंतीतलं एक प्रथिन जे तीन सोडियम आत घेतं आणि एक कॅल्शियम बाहेर टाकतं. हृदयाच्या स्नायूत ते १९६८ मध्ये रॉयटर आणि झाइट्झ यांनी दाखवलं, स्क्विडच्या मज्जातंतूत १९६९ मध्ये बेकर, ब्लॉस्टीन, हॉजकिन आणि स्टाइनहार्ट यांनी.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर शेतातली टाकी घ्या. रात्री थ्री-फेज लाईन येते, मोटार चालते, विहिरीचं पाणी वर टाकीत. ही मोटार म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप, लाईन म्हणजे एटीपी, आणि टाकी म्हणजे पेशीच्या बाहेर जमवलेला सोडियम. आता टाकीतून पाणी खाली येताना एक चाक फिरतं असं समजा आणि त्या चाकाच्या जोरावर खालचा गाळ वर फेकला जातो. गाळ म्हणजे कॅल्शियम. चाकाला वेगळी लाईन लागत नाही, ते टाकीच्या उंचीवर जगतं. मोटार बंद पडली आणि टाकी उतरली की चाक आधी मंदावतं, मग थांबतं आणि वेळ पडली तर उलटं फिरतं, म्हणजे सोडियम बाहेर आणि कॅल्शियम आत. प्रयोगात नेमकं हेच करून बघतात, जनावरांच्या अॅड्रेनलला बिनसोडियमचं द्रावण दिलं किंवा ओवाबेननं सोडियम पंप अडवला की मज्जातंतूला हात न लावताही हार्मोन सुटायला लागतं, आणि बाहेर कॅल्शियम ठेवला नाही तर हा परिणाम मावळतो. तीन सोडियमच्या बदल्यात एक कॅल्शियम असल्यानं प्रत्येक फेरीत एक जादा विद्युतभार आत जातो, म्हणून पेशीचा विद्युतदाब उतरला तरी चाक उलटं जायची शक्यता वाढते.

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की सोडियमच दोन्हीकडून खेळतो. दरवाज्यातून आत घुसून हार्मोन सोडायची सुरुवातही तोच करून देतो आणि टाकीच्या जोरावर कॅल्शियम बाहेर काढून आवरतंही तोच घेतो.

एक कबुली इथेच देतो. हे सगळं बहुतेक गाईबैलांच्या आणि मांजरांच्या निरोगी ग्रंथीवरचं काम आहे. गाठीतल्या पेशींना साधारणपणे मज्जातंतूच नसतो, त्या आपल्या मनानं, दाबानं किंवा औषधानं हार्मोन सोडतात. त्यामुळे बाईच्या गाठीत चाक उलटं फिरलं असं मी म्हणत नाही, म्हणूही नये. पण पुड्या फोडायला कॅल्शियम लागतो हे तिथेही तसंच.

समोर काय पर्याय होते

लेबेटालॉल ट्रेमध्येच होतं, बाळंतपणातल्या बीपीसाठी ते आम्ही नेहमी ठेवतो. इंटर्न म्हणाला, "सर, यात अल्फा-बीटा दोन्ही आहे ना, चालेल की". अल्फा आणि बीटा म्हणजे अॅड्रेनालिन जिथे बसून काम करतं ते पेशींवरचे दोन प्रकारचे दरवाजे, आणि ते अडवणारी औषधं म्हणजे ब्लॉकर. ऐकायला पटतं. पण शिरेतून दिलेल्या लेबेटालॉलमध्ये बीटा अडवण्याची ताकद अल्फाच्या साधारण सातपट, म्हणजे व्यवहारात ते बीटा ब्लॉकरच. बीटा आधी अडवला की रक्तवाहिन्या सैल करणारी बाजू बंद होते आणि आवळणारी अल्फा बाजू मोकाट सुटते, बीपी उलट चढतं. प्रोप्रानोलॉलनं तिचं डोकं का दुखलं याचं उत्तर तेच. लेबेटालॉल बाजूला ठेवलं.

मग त्यानंच विचारलं, धडधड एवढी आहे तर डिगॉक्सिन? सायनस टॅकिकार्डियात, म्हणजे ठोके नियमित पण नुसते जलद असताना, तसंही डिगॉक्सिनचं काम नाही. पण मला त्याच्या प्रश्नाचा आनंदच झाला, कारण डिगॉक्सिन म्हणजे ओवाबेनचाच भाऊबंद, मोटार अडवणारा. हृदयात जोर वाढतो तो याच वाटेनं, सोडियम साचतो, चाक मंदावतं, कॅल्शियम राहतो. तीच मोटार क्रोमाफिन पेशीतही आहे. नेहमीच्या डोसला माणसात किती हार्मोन सुटेल हा वेगळा मुद्दा, पण आधीच अॅड्रेनालिननं तापलेल्या हृदयाला डिगॉक्सिन दिलं तर ठोके बिघडायची भीती पक्की. तेही नको.

निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडायची जुनी सवय एका सीनिअर सिस्टरला आठवली, त्यानं बीपी धपकन कोसळू शकतं म्हणून नाही. नायट्रोग्लिसरीन होतं पण इन्फ्युजन पंप बंद, थेंब मोजत रात्रभर ते चालवायचं धाडस माझ्यात नव्हतं. फेंटोलामाइन, शिरेतून द्यायचा अल्फा ब्लॉकर, इथे कुठून मिळणार.

प्रत्यक्षात काय केलं

एका ओळखीच्या भूलतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न केला, "लेबर रूममध्ये मॅग्नेशियम आहे ना?" मॅग्नेशियम सल्फेट, फिट येणाऱ्या गरोदर बाईसाठीचं, ते नाही असं ग्रामीण रुग्णालय सापडायचं नाही. मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाहिन्यांच्या आड येतो, अॅड्रेनलमधून हार्मोन सुटणं कमी करतो आणि रक्तवाहिन्याही सैल करतो, फिओक्रोमोसायटोमाच्या ऑपरेशनमध्ये भूलवाले तो वापरतात. ४ ग्रॅम हळूहळू वीस मिनिटांत दिलं, मग तासाला १ ग्रॅमनं. गुडघ्याचा रिफ्लेक्स, श्वास, लघवी यावर नजर, तेच जे लेबर रूमच्या सिस्टरला झोपेतही जमतं, म्हणून त्यांनाच बोलावून बसवलं. मॅग्नेशियम जास्त झालं तर उतारा म्हणून ट्रेमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट ठेवतात, त्या रात्री त्या अॅम्प्युलकडे बघून मलाच घाम फुटला, कारण ज्या कॅल्शियमला अडवायला बसलोय तोच उतारा म्हणून शेजारी.

सोबत प्राझोसिनची छोटी गोळी दिली, हाच अल्फा ब्लॉकर तालुक्याच्या मेडिकलात मिळतो. चाळीसेक मिनिटांत बीपी १८०/१०५, डोकेदुखी उतरली. श्रेय सगळं मॅग्नेशियमला देता येणार नाही, असा झटका आपोआपही ओसरतो. पहाटे १०८ नं मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, चिठ्ठीवर लाल पेनानं लिहिलं, मेटोक्लोप्रमाइड नको, अल्फाच्या आधी बीटा नको, तपासणीसाठी गाठीला सुई नको.

तिथे रक्तातलं मेटानेफ्रिन, म्हणजे अॅड्रेनालिन मोडून तयार होणारा पदार्थ, तपासलं, अर्धा तास शांत झोपवून मग रक्त घेतात, नाहीतर आकडा उगाच वाढतो. नॉर्मलच्या कितीतरी पट आलं. सीटीत उजव्या अॅड्रेनलवर साडेचार सेंटिमीटरची गाठ. प्राझोसिन वाढवत वाढवत दोन आठवडे, मग बीटा ब्लॉकर, मग दुर्बिणीतून ऑपरेशन, खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला.

मिठाचा घोळ

यावर थोडं थांबतो, कारण इथे घरात भांडण झालं होतं. इतके महिने बाईला सांगितलेलं मीठ बंद, आणि आता अल्फा ब्लॉकर सुरू झाल्यावर तिथले डॉक्टर म्हणाले मीठ आणि पाणी वाढवा. नवऱ्यानं मला फोन केला, "साहेब, तुमच्यातच एकमत नाही, आमी कोनाचं आयकावं?" आणि त्यांचा पुतण्या बीएस्सीला, त्यानं कुठेतरी वाचलं होतं की सोडियम आत गेला की कॅल्शियम बाहेर येतो, मग त्याचा तर्क असा की मीठ खाल्लं की हार्मोन कमी सुटतं म्हणून वाढवायला सांगितलं असेल, आणि काकूच्या कॅल्शियमच्या गोळ्या तर ताबडतोब फेकून दिल्या पाहिजेत.

पोरगं हुशार, पण घोळ झाला. रक्तातला सोडियम शरीर १३५ ते १४५ च्या पट्ट्यात धरून ठेवतं, चटणी खारट खाल्ल्यानं पेशीच्या टाकीची उंची बदलत नाही, मूत्रपिंड आणि तहान मिळून ते सांभाळतात. कॅल्शियमचंही तसंच, गोळीनं पेशीच्या आत लोंढा येत नाही. मीठ वाढवायचं कारण वेगळंच आहे. महिनोन् महिने आवळलेल्या रक्तवाहिन्यांत रक्ताचं पाणी आटलेलं असतं, अल्फा ब्लॉकरनं त्या सैल झाल्या की जागा मोठी आणि पाणी कमी, बाई उठून उभी राहिली की चक्कर येऊन पडणार, आणि गाठ काढल्याबरोबर तर बीपी एकदम कोसळणार. मीठ पाणी धरून ठेवतं, म्हणून. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की बांध फोडून वावर मोठं केलं तर पाणीही जास्त सोडावं लागते ना जी, तसं. त्याला पटलं.

निकाल

ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी बीपी थोडं खाली, साखर एकदा ५८. गाठ असताना अॅड्रेनालिन इन्शुलिनला दाबून ठेवतं, गाठ गेली की इन्शुलिन मोकळं होतं, म्हणून साखर बघावी लागते, तिथे ती बघितली गेली. सहा आठवड्यांनी बाई बीपीच्या एकाही गोळीशिवाय १२४/८०. झटका नाही. त्या वर्षीची वेचणी बुडाली, ते नुकसान कुठल्याच योजनेत बसत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत झटक्याच्या वेळचं बीपी कोणी मोजलं नव्हतं, मीही नाही. ओपीडीत आलेली बाई शांत असते, बीपी १५०, लिहून मोकळं. आशाताईला मशीन देऊन "झटका आला की मोजा" एवढं सांगितलं असतं तर ती रात्र आलीच नसती कदाचित. एखाद्या गोळीनं त्रास वाढला असं पेशंट सांगतो तेव्हा आपण त्याला गोळी टाळायचं निमित्त समजतो, प्रोप्रानोलॉलच्या बाबतीत ती बाई चक्क निदान सांगत होती. आणि उलटीला आता मी बीपी बघितल्याशिवाय मेटोक्लोप्रमाइड देत नाही, ऑन्डान्सेट्रॉनचा स्टॉक वेगळा मागवून घेतला.

अॅट्रोपिनचा निर्णय बरोबर आला, पण त्यात नशीबही होतं. बाहुल्या मध्यम असत्या तर मी काय केलं असतं? बहुतेक दिलं असतं, आणि आमच्या जिल्ह्यात ऑक्टोबरात ते चूक म्हणता येत नाही, एका फिओसाठी शंभर फवारणीवाले वाट बघत ठेवता येत नाहीत.

राहून गेलेली गोष्ट म्हणजे घराण्याची तपासणी. अशा गाठींतल्या तीसेक टक्क्यांहून जास्त अनुवांशिक असतात, जनुकांची तपासणी त्यांच्या ऐपतीबाहेरची ठरली म्हणून ती झाली नाही. दरवर्षी मेटानेफ्रिन बघायचं ठरलंय, गाठ परत येऊ शकते म्हणून. मोठी बहीण पुसदकडे असते, तिलाही "कधी कधी धकधक होते" असं बाई ऑपरेशन होऊन तीन महिने झाल्यावर सहज बोलून गेली. बहिणीचं बीपी अजून कोणी मोजलेलं नाही, दिवाळीला माहेरी येईल तेव्हा आणते म्हणाली.